प्री-पॉवर विकून एकच ट्यूब इंटिग्रेटेड घ्यावा का?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. ऑडिओचा धागा इथे क्वचितच निघतो, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

सध्याची मांडणी अशी: टर्नटेबल, वेगळा फोनो (तबकडीचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा), वेगळा डॅक (डिजिटल गाणं अॅनालॉग करणारा), प्री-अॅम्प आणि २०० वॉटचा ट्रान्झिस्टर पॉवर अॅम्प. स्पीकर व्हार्फडेल लिंटन. खोली साधारण १२ बाय १६, नाशिकला, स्लॅबचं घर. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, त्यातही गायकी. अधूनमधून नाट्यसंगीत, कधीतरी जॅझ.

आवाजाबद्दल तक्रार अशी नाही. पण रॅकवर डब्यांची चळत आणि मागे केबलींचं जंजाळ झालंय. प्री आणि पॉवर दोघांच्या अर्थमुळे बारीक हम् येत होता. तो घालवायला पॉवर अॅम्पच्या प्लगची अर्थची पिन सध्या जोडलेली नाही. कुठलाही एक डबा हलवला की अख्खी वीण उसवते.

मध्यंतरी एका स्नेह्यांकडे ईएल३४ या पॉवर ट्यूबचा पुशपुल (ट्यूब जोडीने काम करतात तो) इंटिग्रेटेड, म्हणजे प्री आणि पॉवर एकाच डब्यात असलेला अॅम्प ऐकला. मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर) लावले होते. गळा असा पुढे येऊन बसला की चहा गार झाला तरी कोणी उठेना. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे: प्री आणि पॉवर दोन्ही विकावेत, चाळीस वॉटचा एक ट्यूब इंटिग्रेटेड घ्यावा. पण २०० वरून ४० वर येणं म्हणजे पायावर धोंडा तर नाही ना? लिंटनला तेवढे वॉट पुरतील का? आणि रोज दोन-तीन तास चालवायला ही वस्तू झेपते का? अनुभवी लोकांनी लिहा.

चाळीतला चौघडा

जागा धरली. दाणे-फुटाणे घेऊन बसतोय.

सोल्डरबाबा

बाकी सगळं नंतर. आधी ती अर्थची पिन आजच्या आज परत जोडा. हम् येतो म्हणून अर्थ काढणं म्हणजे डब्याच्या पत्र्यावर कधी २३० व्होल्ट येतील याची वाट बघणं. दोन डब्यांच्या अर्थचा जो लूप होऊन हम् येतो तो मोडायचा तर सिग्नलच्या बाजूने मोडा: सिग्नलच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, नाहीतर दोन्ही डबे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. व्हॉल्व्हच्या (म्हणजे ट्यूबच्याच) अॅम्पला तर अर्थशिवाय हातच लावायचा नाही. आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात, आणि बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतात.

आता वॉटचं. २०० वरून ४० म्हणजे ७ डेसिबल कमी. २०० वरून १०० वर आला असतात तर ३ डेसिबल गेले असते, बरेचदा ते कळतही नाही. लिंटनची संवेदनशीलता ९० डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला तर एक मीटरवर ९० डेसिबल. ४० वॉटला १०६. दोन स्पीकर आणि तुमची खोली धरली तर बसायच्या जागेवर शंभरीच्या आसपास सहज जाल. ख्याल ऐकताना तुम्ही सरासरी एखाददुसरा वॉट वापरता. सगळे वॉट लागतात ते तबल्याच्या थापेला, तेही क्षणभर.

म्हणून वॉटची चिंता दुय्यम. पहिली चिंता तुमच्या स्पीकरच्या इंपीडन्सची (प्रवाहाला होणाऱ्या विरोधाची), आणि दुसरी भिंतीतल्या सॉकेटची. दुसरीकडे कोणी बघत नाही.

ओहमचा नियम

धाग्यावर भावनिक पूर यायच्या आत थोडं कोरडं लिहितो.

"ट्यूबमध्ये सेकंड हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर) असतो म्हणून गोड लागतं" हे वाक्य आता येईलच. ते सिंगल-एंडेडला, म्हणजे ट्यूबच्या जोडीशिवाय चालणाऱ्या अॅम्पला लागू आहे. ईएल३४ पुशपुलमध्ये सम हार्मोनिक आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बव्हंशी एकमेकांना खोडतात आणि मागे राहतो तो मुख्यतः तिसरा. म्हणजे तुम्हाला जे आवडलं त्याचं कारण वेगळं आहे.

माझ्या मते ते कारण आउटपुट इंपीडन्स. ट्रान्झिस्टर अॅम्पचा तो ०.०५ ओहम वगैरे असतो. ट्यूबचा १, २, फीडबॅक नसेल तर ३ सुद्धा. स्पीकरचा इंपीडन्स सगळीकडे सारखा नसतो, कुठे ४ तर कुठे ३० ओहम. अॅम्पचा २ ओहम धरून हिशेब करा: जिथे स्पीकर ४ ओहम आहे तिथे साडेतीन डेसिबल पडतात, जिथे ३० आहे तिथे अर्धा. म्हणजे जवळजवळ ३ डेसिबलचा चढउतार आपोआप तयार झाला. हा झाला टोन कंट्रोल, फक्त त्याची बटणं स्पीकरच्या हातात.

१९८५ साली बॉब कार्व्हरने 'स्टीरिओफाइल' मासिकाचं आव्हान घेतलं होतं. त्यांनी निवडलेल्या महागड्या अॅम्पसारखा आपला ट्रान्झिस्टर अॅम्प ऐकू यावा म्हणून तो दोघांच्या आउटपुटमधला फरक मोजत आपला अॅम्प बदलत गेला, आणि मासिकाच्या लोकांना कानाने दोघांतला फरक सांगता येईना. आउटपुट इंपीडन्स वाढवणं हा त्या बदलांचाच भाग.

तेव्हा दोन लाख खर्च करण्याआधी हे करा: दीड ओहम, २५ वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर आणा आणि सध्याच्या अॅम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनल आणि स्पीकर यांच्यामध्ये एकेक लावा. आवाज बेताचा ठेवा, रेझिस्टर तापतात. मग सांगा.

संत्रा बर्फी

आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५ अंश राहते. त्यात दोनशे वॉटचा हीटर हॉलमध्ये लावून कोण गाणं ऐकेल बाप्पा? माझ्याकडे होता एक, उन्हाळाभर त्याच्यावर चादर टाकून ठेवत होतो. हिवाळ्यात मात्र मस्त, हातही शेकून निघतात. मस्करी सोडा, पण एसीची खोली नसेल तर विचार करा.

काळी पाच

ओहम, तुमचं गणित बरोबर असेल, पण प्रयोग करताना काय ऐकायचं तेही सांगा ना. नाहीतर सगळे जण झांजांचा "चकाकता" आवाज ऐकत बसतात.

मी गाते, तेव्हा माझं ऐकणं थोडं वेगळं. दोन जागा धराव्यात. एक तानपुरा: जवारी नीट लागलेली असेल तर खरजाच्या तारेतून वरचा गंधार स्पष्ट ऐकू येतो. गायक स्वर लावून थांबतो तेव्हा तो गंधार मागे टिकतो की नुसताच गुणगुणाट राहतो, ते बघा. दुसरी जागा म्हणजे विलंबित एकतालातला डग्गा. मनगट सरकवून घेतलेली मींड ऐकायची. अॅम्पची स्पीकरवरची पकड सैल असेल तर ती मींड सुरुवातीला फार छान भरीव लागते, मग मात्र प्रत्येक डग्गा एकाच सुरात घुमायला लागतो. माझ्या मामांकडे सिंगल-एंडेड आहे. त्यावर किशोरीताई अप्रतिम, पण तबल्याची सोलो लावली की तबलजीने डग्ग्यात उशी भरल्यासारखं वाटतं.

ओहमचा नियम

ताई, हे मी लिहायला हवं होतं. घुमायला लागतो तो बहुधा स्पीकरच्या बासच्या रेझोनन्सपाशी. तिथेच इंपीडन्सचा डोंगर असतो.

न्यू जर्सीकर

इकडे माझ्याकडे बरीच वर्षं ईएल३४ आहे. खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पॉवर ट्यूब साधारण दोन ते पाच हजार तास चालतात, ईसीसी८३ सारख्या छोट्या दहा हजारांपर्यंत. रोज तीन तास म्हणजे वर्षाला हजारेक. तीन-चार वर्षांनी चार ईएल३४ चा जुळवलेला संच घ्यावा लागेल. इथे चालू उत्पादनातला शंभर-सव्वाशे डॉलरला मिळतो. आज हे मुख्यतः स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोव्हचा कारखाना आणि चीन इथे बनतात. सारातोव्हच्या एकाच छताखाली अर्धा डझन जुनी नावं छापून बाहेर पडतात, तेव्हा डब्यावरच्या नावाला भुलून दुप्पट पैसे मोजू नका. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा इथे लोकांनी तांदळासारख्या ट्यूब साठवल्या होत्या. एक जादा संच घरात असावा, एवढंच.

वीजबिल: अॅम्प २०० वॉट खात असेल तर रोज तीन तासांचे महिन्याला १८ युनिट.

वाचनमात्र

आपल्याकडेही बनायच्या की. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ईसीसी८३ जुन्या दुकानांत अजून कधीमधी सापडतात. आणि पुण्यातल्या केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणि व्हॉल्व्ह अॅम्प बनवून परदेशात विकले, हे पुण्यातल्यांनाच माहीत नसतं.

चाळीतला चौघडा

पुण्यातल्यांना माहीत नाही असं काही असतं? हलके घ्या.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. बाबा, पिन जोडली. हम् परत आला, पण दोघांना एका बोर्डवर घेतल्यावर निम्मा झाला.

रेझिस्टर आणले. दोन चहांच्या पैशात आले असतील. ताईंनी सांगितल्याप्रमाणे विलंबित लावलं. फरक पडतो, हे मान्य करायलाच हवं. गळा थोडा पुढे सरकला, डग्गा जाड झाला. पहिल्या दहा मिनिटांत वाटलं, झालं काम. मग नाट्यसंगीत लावलं तर ऑर्गनच्या खालच्या पट्ट्या एकमेकांत मिसळायला लागल्या. काढून परत ऐकलं, परत लावलं. बायकोला न सांगता अदलाबदल केली तर तिने "आता काय बदललंस?" असं दरवेळी विचारलं, न बदलता विचारलं तेव्हाही.

ओहमचा नियम

मग दोन लाख वाचले. पार्टी कधी?

मंद्रसप्तक

थांबा. स्नेह्यांचा अॅम्प रविवारी घरी आणला. (वजन पंचवीस किलोच्या वर. ट्रान्सफॉर्मर सगळे एका बाजूला असतात, उचलताना तो एकीकडे झुकतो. कमरेचा त्रास असलेल्यांनी दोघांनी मिळून उचला.) मागच्या आठ ओहमच्या टॅपवर (स्पीकर जोडायच्या टर्मिनलवर) लावला तर जवळजवळ रेझिस्टरसारखंच: भरीव आणि थोडं सैल. चार ओहमच्या टॅपवर घेतल्यावर डग्गा आवरला, तानपुऱ्यातला गंधार मात्र तसाच राहिला. रेझिस्टरने हे जमलं नव्हतं. ओहम, याचं गणित काय?

ओहमचा नियम

टॅप खाली घेतला की आउटपुट इंपीडन्सही खाली येतो. चारच्या टॅपवर तो आठच्या साधारण निम्मा. लिंटन नावाला ६ ओहमचा, पण काही ठिकाणी साडेतीनपर्यंत उतरतो. त्यामुळे त्याला चारचा टॅपच योग्य, ट्यूबवरचा भारही तिथे बरोबर पडतो. रेझिस्टरमध्ये दीड ओहम होते, इथे त्याहून कमी असणार. गंधाराचं मला सांगता येणार नाही. एक ओहमचे लावून बघा असं सुचवलं असतं, पण तुमचं ठरलेलं दिसतंय.

मंद्रसप्तक

ठरल्यातच जमा आहे. खरं सांगू का, आवाज पासष्ट टक्के कारण असेल, उरलेलं कारण रॅक. एक डबा, एक प्लग, लूपच नाही, प्री आणि पॉवर यांच्यातली केबल नाही, तिच्यावरच्या चर्चा नाहीत. फोनो आणि डॅक राहतील. जो बघतोय तो चिनी बनावटीचा आहे, चार ईएल३४, चाळीस वॉट, बायस (गाणं नसतानाही ट्यूबमधून वाहणारा प्रवाह) स्क्रूड्रायव्हरने लावायचा.

एक विचारायचं राहिलं. नुसता ट्यूब प्री घेऊन २०० वॉटचा पॉवर ठेवला तर?

न्यू जर्सीकर

मी तो घाट घातला होता. ट्यूब प्री नीट बनवलेला असेल तर त्यात ऐकू येण्यासारखं फारसं काही नसतं, तो शुद्धच असतो. वरची चर्चा खरी धरली तर तुम्हाला जे आवडलं ते स्पीकर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये घडतं, प्रीमध्ये नव्हे. आणि डबे तेवढेच राहतील.

सोल्डरबाबा

आता दुसऱ्या चिंतेचं. अॅम्पच्या मागे किती व्होल्ट छापलेत ते बघा आणि घरातल्या सॉकेटवर मीटर लावा. संध्याकाळी एकदा, रात्री अकरानंतर एकदा.

मंद्रसप्तक

मागे २२० छापलंय. घरात संध्याकाळी २३८, रात्री उशिरा २४९. विक्रेता म्हणतो, "काही होत नाही साहेब, सगळे असेच वापरतात."

सोल्डरबाबा

होतं. लगेच होत नाही, म्हणून काही होत नाही असं वाटतं.

२२० च्या ट्रान्सफॉर्मरला २४९ दिले म्हणजे १३ टक्के जास्त. आतलं सगळं त्याच प्रमाणात वाढतं. ईएल३४ च्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, तिथे ७.१ जातील. दहा टक्क्यांची सूट धरली तरी ६.९ ला हद्द संपते. हीटर जास्त तापला की कॅथोडचं आयुष्य घटतं. अॅनोडवर ४३० व्होल्ट हवेत तिथे ४८५ च्या पुढे जातील, आणि आतले फिल्टर कपॅसिटर ५०० चे असतील तर काठावर येऊन बसले. सुरू करताना, ट्यूब गरम व्हायच्या आधी, भार नसल्यामुळे व्होल्टेज आणखी वर असतं. ते ५०० ओलांडू शकतं.

बायस स्क्रूड्रायव्हरचा असेल तर तोही पाहा. ईएल३४ ची अॅनोडवर जिरवायची मर्यादा २५ वॉट. क्लास एबीमध्ये (अशा पुशपुल अॅम्पमध्ये) गाणं वाजत नसताना तिच्या सत्तर टक्क्यांपर्यंत राहावं, म्हणजे साडेसतरा. ४३० व्होल्टला ४० मिलिअॅम्पिअर बरोबर बसतात. तेच ४० तुम्ही ४८५ ला लावले तर साडेएकोणीस वॉट. लगेच लाल होणार नाही, पण हजार तासांत म्हातारी होईल. त्यामुळे बायस नेहमी मोजलेल्या व्होल्टेजवर लावायचा. दिवसा लावून रात्री ऐकायचं नाही, ज्या वेळी ऐकता त्या वेळी लावा, अर्धा तास गरम झाल्यावर. व्होल्टेज मोजण्यासाठी अॅम्प उघडावा लागतो, तेव्हा ते जाणकाराकडूनच. बायसचे पॉइंट मात्र बहुतेकांना बाहेर असतात.

उपाय दोन-तीन आहेत. आधी विक्रेत्याला विचारा की ट्रान्सफॉर्मरला २४० व्होल्टच्या जोडणीचा टॅप आहे का. बऱ्याच चिनी अॅम्पमध्ये तो आत जोडायचा राहिलेला असतो. असेल तर दहा मिनिटांचं काम. नसेल तर एक किलोव्होल्टअॅम्पिअरचा सर्व्हो स्टॅबिलायझर. साधा रिलेचा स्टॅबिलायझर घेऊ नका, तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि ऐन आलापात "टक्" ऐकू येतं. तिसरा उपाय स्वस्त: २४ व्होल्ट, ३ अॅम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, त्याची सेकंडरी उलट फेजमध्ये ओळीत जोडायची. २४९ मधून २६ वजा होऊन २२३ उरतात. वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या, डब्यात बंद, फ्यूजसह. फेज चुकली तर वजा व्हायच्या जागी मिळवले जातील, म्हणून आधी मीटर, मग अॅम्प.

आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अॅम्प वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरला काही होत नाही, इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडून तो जळतो. केबल बदलताना आधी स्विच बंद.

संत्रा बर्फी

बाबा, माझा असाच गेला असेल का? चादर टाकायच्या आधी दोनदा फ्यूज उडाला होता.

सोल्डरबाबा

फ्यूज उडाला तर नशीबवान आहात. कोणती ट्यूब आतून लाल होते का ते अंधारात बघा. होत असेल तर आधी बायसचा कपलिंग कपॅसिटर तपासून घ्या, नवी ट्यूब नंतर.

काळी पाच

मंद्रसप्तक, घेतलात का? आणि घरात लहान मूल असेल तर वरची जाळी काढू नका. फोटोत जाळीशिवाय छान दिसतो, पण पॉवर ट्यूबची काच दोनशे अंशांच्या आसपास तापते.

मंद्रसप्तक

घेतला. २४० चा टॅप आत खरंच होता, विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने बदलून दिला. रात्रीच्या व्होल्टेजला बायस ३८ वर लावलाय. चारचा टॅप. जाळी ठेवली आहे, नातू येतो.

हम् गेला. फोनो लावून स्पीकरला कान लावला तर बारीक खरखर आहे, ती ट्यूबची आहे आणि बसायच्या जागेवरून ऐकू येत नाही. मन्सूरअण्णा जसे स्नेह्यांकडे वाटले होते तसे नाहीत, थोडे मागे बसलेत. खोली वेगळी आहे म्हणून असेल. पण भीमसेनजींची तार सप्तकातली तान आधी कधीकधी टोचायची, ती टोचत नाही. मोठा जॅझ बँड लावून आवाज वाढवला तर एका टप्प्यानंतर गर्दी होते, तिथे २०० वॉट आठवतात.

वैदेही म

माझा बाळबोध प्रश्न. टीव्हीही त्यालाच जोडला तर चालेल ना? आमच्याकडे टीव्ही सकाळी सातपासून चालू असतो.

न्यू जर्सीकर

चालेल, पण सकाळी सातपासून म्हणजे रोजचे बारा-चौदा तास झाले. तीन-चार वर्षं पुरणाऱ्या ट्यूब वर्षात संपतील, मालिका बघण्यात. टीव्हीला छोटा क्लास डी प्रकारचा ट्रान्झिस्टर अॅम्प लावा, तो तापतही नाही.

मंद्रसप्तक

मी तेच केलंय, फक्त क्लास डी नवा घेतला नाही. प्री गेला, पॉवर अॅम्पला गिऱ्हाईक मिळेना, आता तो बेडरूममध्ये टीव्हीला आहे. २०० वॉटवर बातम्या ऐकतोय. कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाशिकहून घेऊन जायचा.